डीव्हीडीच्या खणात हार्ड डिस्क

माझा लॅपटॉप २०१२ सालचा. चालू केला की चहा टाकावा, गाळावा, कप घेऊन परत यावं, तरी पडद्यावर आयकॉन एकेक करून उमटतच असायचे. नवा घ्यायच्या बेतात होते. भाचा म्हणाला, "मावशी, नवा कशाला? एसएसडी टाक." एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, एवढं नाव ऐकून होते. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि प्रत्येक लहानशी फाइल शोधायला तिच्यावरच्या दांड्याला इकडून तिकडे हलावं लागतं. एसएसडीत हलणारं काहीच नाही, पेनड्राइव्हसारख्या नुसत्या चिप. पण जुन्या डिस्कवर वर्षानुवर्षांचे फोटो होते, ती काढून कुठे ठेवायची? भाच्याने डीव्हीडीच्या खणाकडे बोट दाखवलं. तो खण मी शेवटचा कधी उघडला होता, तेही आठवेना.

डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे बसवायची तेवढ्याच मापाची रिकामी चौकट मिळते, तिला कॅडी म्हणतात. मी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात ती मागितली. दुकानदाराने विचारलं, "जाडी किती ताई? साडेनऊ की बारा पॉइंट सात?" मला काहीच सांगता येईना. ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या कॅडी येतात आणि चुकीची घेतली तर ती बसतच नाही. "ड्राइव्हच काढून आणा," तो सहज म्हणाला.

घरी येऊन आधी चार्जर काढला, मग बॅटरी. लॅपटॉप पालथा घातला. खणाच्या बाजूला एका स्क्रूजवळ तबकडीचं बारीक चित्र होतं. तो काढून ड्राइव्ह बाहेर ओढली, तर ती अलगद हातात आली. इतकी वर्षं जी लॅपटॉपमध्ये कायमची जडवलेली आहे असं मी धरून चालले होते, ती एका स्क्रूवर टिकून होती.

पट्टीने मोजली, १२.७ भरली. कॅडी आणल्यावर मला वाटलं, हा तर नुसता पत्र्याचा डबा. पण तिच्या कडेला एक चिंचोळी हिरवी पट्टी होती, आणि सगळं काम तीच करते. हार्ड डिस्कला वीज घेण्यासाठी १५ टोकं असतात, डीव्हीडी ड्राइव्हच्या जोडणीत फक्त ६. माहितीची ७ टोकं मात्र दोन्हींना सारखीच. ही पट्टी त्या दोन वेगळ्या तोंडांची गाठ घालून देते. लॅपटॉपची डिस्क ५ व्होल्टवर चालते आणि डीव्हीडीच्या जागी तेवढेच मिळतात, म्हणून हे जमतं.

सगळ्यात वेळ गेला तो दर्शनी पट्टीत. कॅडीसोबत आलेली पट्टी सपाट होती, माझ्या लॅपटॉपची कड गोलसर. जुन्या ड्राइव्हचीच पट्टी काढायला हवी होती, पण तिच्या खिट्ट्या ट्रे बाहेर आल्याशिवाय दिसत नाहीत, आणि वीज नसताना ट्रे बाहेर यायचा कसा? ड्राइव्हच्या तोंडावर टाचणीएवढं भोक आहे ते त्यासाठीच. कागदाची क्लिप सरळ करून आत दाबली, खट् झालं आणि ट्रे बोटभर पुढे आला. मागच्या बाजूची छोटी धातूची पट्टी, जिच्यात तो एकुलता एक स्क्रू बसतो, तीही कॅडीला लावावी लागते. नाहीतर कॅडी खणात नुसती हलत राहते.

एसएसडी कॅडीत घालणार, इतक्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, उलटं कर. एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी, हार्ड डिस्क कॅडीत." त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मुख्य जागेची जोडणी सेकंदाला ६ गिगाबिटची असते आणि डीव्हीडीची ३ची. वेगवान वस्तू वेगवान वाटेवर ठेवायची. जुनी डिस्क तशीही त्या वाटेपेक्षा हळूच चालते, तिचं काहीच बिघडत नाही.

विंडोज नव्याने टाकायचं ठरवलं. डीव्हीडी ड्राइव्ह तर गेली, म्हणजे ते पेनड्राइव्हवरूनच टाकायचं, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉप उघडण्याआधी तयार करून ठेवायचा. विंडोज टाकताना एकटी एसएसडीच आत ठेवली. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर सुरुवातीच्या फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात, आणि पुढे ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. सगळं नीट चालल्यावर कॅडी आत सरकवली. फोटो जागच्या जागी होते.

आता चहा टाकेपर्यंत लॅपटॉप तयार असतो. प्रोसेसर जुनाच आहे, त्यामुळे व्हिडिओ एडिटिंगसारखी जड कामं पूर्वीइतकीच रेंगाळतात. लिहिणं, मेल, हिशेब यांना मात्र तो पुरेसा आहे. तुमच्याकडे सीडीचा खण असलेला असा लॅपटॉप पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी फोटोंची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा, बॅटरी काढा, तो एक स्क्रू शोधा आणि ड्राइव्हची जाडी मोजा. दुकानात जाल ते त्यानंतरच.