चौथीच्या उताऱ्यासंबंधी



तुझे पत्र आणि सोबतचा चौथीच्या वाचन-आकलन चाचणीचा मसुदा परवा पोचला. पंचवीस गुणांपैकी बहुपर्यायी प्रश्नांना किती द्यावेत, एवढेच तू विचारले होतेस आणि त्याचे उत्तर एका ओळीत देऊन मी मोकळी झाले असते. परंतु पत्राच्या अखेरीस, जाता जाता लिहावे तसे, तू जे लिहिलेस, की केंद्रातल्या सगळ्या मुलांना एकेकटे ऐकत बसण्याची सवड आता कोणाला आहे, ते वाक्य वाचल्यापासून माझे मन ठिकाणावर नाही. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर मी ते मनावर घेतले नसते. पण ओसरीवर बसून ज्याने धाकट्या बहिणीचे वाचतानाचे अडखळणे सबंध पावसाळाभर ऐकून घेतले, त्याच्या हातून हे वाक्य उतरावे? केंद्रप्रमुखाचा हुद्दा इतक्या लवकर माणसाचे कान काढून घेतो काय?

असो. तुझा उतारा मी तीनदा वाचला. आठवडी बाजार, आजी, हरवलेली शेळी, सारे नीटस आहे, भाषाही स्वच्छ आहे. तक्रार आहे ती प्रश्नांबद्दल. पहिल्या सहांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलून देता येतात, आणि आपल्या मराठीत तर ही उचलेगिरी विशेषच सुलभ आहे. उदाहरणादाखल एक वाक्य देते: ‘मिरक्या टोंबाने दुरगाटीत सावळंक पेरले.’ यातले एकही नाम कोशात सापडावयाचे नाही, मी ते आत्ताच रचले आहे. आता चौथीतल्या कोणत्याही मुलास विचार, टोंबाने सावळंक कोठे पेरले? तो तत्काळ सांगेल, दुरगाटीत. कोणी पेरले? टोंबाने. काय पेरले? सावळंक. पैकीच्या पैकी गुण, आणि कळलेले काहीही नाही! ‘कोठे’ म्हटले की मुलाचा डोळा सप्तमीच्या प्रत्ययावर जातो, ‘कोणी’ म्हटले की तृतीयेच्या. म्हणजे आपण ज्याला आकलनाची परीक्षा म्हणून दप्तरी दाखल करतो ती बहुतांशी विभक्ती ओळखण्याची परीक्षा असते, आणि ती विद्या मुलाने शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच आईच्या मांडीवर आत्मसात केलेली असते.

लिपीचीही गोष्ट तशीच. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इतके सरळ आहे, की बाराखडी आणि जोडाक्षरे एकदा वळणी पडली म्हणजे मूल अर्थाच्या वाटेला न जाता पानेच्या पाने खणखणीत आवाजात वाचून दाखवू शकते. तपासणीस आलेला अधिकारी संतुष्ट होतो, गुरुजींचा जीव भांड्यात पडतो. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले तेव्हा तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत असे लक्ष्य ठरले. त्यातले ‘अर्थ समजून’ एवढे दोनच शब्द वर्गापर्यंत येईतो वाटेत गळाले, आणि हाती उरले ते घड्याळ. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन पाहणीत निवडलेल्या तिसरीच्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र बसवून वाचून घेतले, वाचलेल्यावर प्रश्न विचारले आणि २० भाषांसाठी निरनिराळे निकष ठरविले, कारण शब्दांची लांबी भाषेगणिक भिन्न असते. एवढा विवेक ज्यांनी दाखविला त्यांचे मी मनापासून कौतुक करते. परंतु त्या विवेकाची प्रत तालुक्यापर्यंत आली का? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतही स्वयंसेवक घरी जातो आणि एकेका मुलाजवळ बसतो. तिथली सर्वांत वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीचा मजकूर, आणि २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनाच तो वाचता आला. हा आकडा वाचून लोक हळहळतात. मला त्या निम्म्यांचीही, ज्यांना ‘वाचता येते’ असे लिहिले गेले त्यांचीही, तेवढीच काळजी वाटते. कारण त्यांना काय कळले हे त्या रकान्यात लिहिलेले नसते.

तुला मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचे नाव अध्यापक विद्यालयात सांगितलेले असेल, पण त्याचे १९१७ चे काम सहसा कोणी उघडून पाहत नाही. त्याने मुलांना एका गावातल्या सक्तीच्या शालेय उपस्थितीविषयी एक लहानसा परिच्छेद दिला: मूल आजारी असेल, घरात संसर्गजन्य रोग असेल किंवा रस्ते बंद पडले असतील तरच गैरहजेरी माफ. मजकूर मुलांच्या डोळ्यांसमोर होता, तरी उत्तरे भलतीच आली. आणि त्या चुका फेकून न देता त्याने एकेक करून तपासल्या. त्याला आढळले, की मुले एखाद्याच शब्दाला नको तेवढे वजन देतात, बाकीचे शब्द त्या वजनाखाली चिरडतात, आणि ज्याला आपण वाचन म्हणतो तो वास्तविक तर्काचाच व्यापार आहे. शंभर वर्षे लोटली, तरी आपण अद्याप चुकीच्या उत्तरापुढे शून्य लिहून पान उलटतो.

दक्षिण कोकणातल्या शाळांची तपासणी माझ्याकडे होती तेव्हाचे सांगते. उताऱ्यात आभाळ भरून आले होते, अंगणात कोणी नव्हते, आणि आईने धावत येऊन वाळवण आत घेतले. प्रश्न होता, आईने वाळवण आत का घेतले? दोन मुलांनी लिहिले होते, ‘माकडे येतात म्हणून.’ उत्तरसूचीत पाऊस होता, सबब दोघांनाही शून्य मिळाले. मी दोघांना वेगवेगळे बोलावून एवढेच विचारले, कशावरून? पहिली मुलगी म्हणाली, ‘अंगणात कोणी नाही असे लिहिले आहे ना, आमच्याकडे माणूस हलले की माकडे खाली उतरतात.’ तिने मजकूर वाचला होता, त्यातला धागा धरला होता, फक्त आभाळाकडे तिचे दुर्लक्ष झाले होते. दुसरा मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, की वाळवण म्हटले की माकडे येतातच. त्याने ‘वाळवण’ या एका शब्दापलीकडे काही वाचलेच नव्हते. एकीला म्हणावयाचे, मागचे वाक्य पुन्हा वाच. दुसऱ्याला मुळात वाक्यामागून वाक्य जोडावयास शिकवावयाचे. औषधे भिन्न, आणि पत्रकात दोघांचे शून्य मात्र अगदी एकसारखे! बाळ, ‘कशावरून’ हा प्रश्न छापून भागत नाही, तो समोर बसून विचारावा लागतो, हे माझे म्हणणे हट्टाचे वाटले तरी मी सोडणार नाही.

पुन्हा उताऱ्याकडे येते, कारण इथे तुझी एक मोठी अडचण पुढे वाढून ठेवलेली आहे. तुझ्या केंद्रात ऊसतोडीला जाऊन येणाऱ्यांची मुले आहेत. कोयता, मोळी, वाढे, गव्हाण यांविषयीचा मजकूर ती तुझ्यामाझ्याहून अधिक समजून वाचतील, आणि लिफ्ट किंवा प्राणिसंग्रहालय यांच्यावरचा उतारा आला की तीच मुले मंद ठरतील. अमेरिकेत १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलच्या खेळावरचा मजकूर शाळकरी मुलांना दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. मग मेळघाटातल्या कोरकू मुलाचे काय होत असेल, ज्याच्या घरची भाषा मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही, याचा विचार मनात आला की मला खरोखर झोप येत नाही. केवळ ओळखीचाच मजकूर द्यावा असेही मी म्हणत नाही. ओळखीच्या विषयात मूल न वाचताच उत्तर देते. म्हणून दोन उतारे दे, एक त्यांच्या जगातला, एक बाहेरचा, आणि दोहोंतले अंतर पाहा. शिवाय छापण्यापूर्वी चार चलाख मुलांना उतारा न दाखविता नुसते प्रश्न दे. जे प्रश्न त्यांना तसेच सुटतील ते निष्ठुरपणे काढून टाक. तुझा शेळीचा चौथा प्रश्न त्यात हमखास जाईल.

आता सवडीचे. दिवाळीत तूच सांगत होतास, की डोंगराकडच्या तुझ्या दोन शाळांत चौथीच्या वर्गात तीन-तीन मुले आहेत, आणि विसांहून कमी पटाच्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत हे तर सर्वश्रुत आहे. तीन मुलांना ऐकावयास सवड नाही हे मी कसे मानू? मोठ्या शाळांत सगळी नकोत; प्रत्येक वर्गातली पाचसहा मुले, तीही हुशार तेवढी वेचून न घेता, हजेरीपटावर बोट ठेवून निवडलेली, दर दिवशी एक, परिपाठानंतरच्या निवांत वेळात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा हुकूम २०१० मध्ये निघाला तेव्हा तोंडी कामाची आणि निरीक्षणाची तजवीज त्यात होतीच. पुढे वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तिकांतून उतरविल्या जाऊ लागल्या, आणि मुलाकडे न पाहताच मुलाविषयी लिहिण्याची सवय शिक्षकाच्या हाताला लागली. मला भीती आहे ती याचीच. तुझ्या चाचणीचे टक्के तालुक्याला जातील, तिथून जिल्ह्याला, वरून तगादा येईल, आणि पुढच्या चाचणीआधी आठ दिवस बिचाऱ्या मुलांकडून ‘कोठे’ आणि ‘कोणी’ यांचीच घोकंपट्टी होईल. गुरुजींना दोष देऊन काय उपयोग? त्यांच्याकडे मागितले जाते ते पत्रक. मुलगा काय म्हणाला हे कोणी मागत नाही. ते निदान तू माग. शेरेबुकात गुणांखाली दोन ओळी मोकळ्या ठेव, आणि मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत, बोलीतले असेल तर बोलीत, उतरवून घेण्याचा आग्रह धर.

तुझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर: बहुपर्यायी प्रश्नांना पाचांहून अधिक गुण देऊ नकोस, आणि चुकीचे पर्याय टेबलाशी बसून स्वतः रचू नकोस. आधी तेच प्रश्न मोकळे विचार, मुलांनी खरोखर दिलेली चुकीची उत्तरे गोळा कर, त्यांतूनच पर्याय निवड. म्हणजे कोणी कोणता पर्याय निवडला यावरूनही काही समजेल. चाचणी झाली की उत्तरपत्रिका बेरीज करण्यापूर्वी माझ्याकडे एस.टी.ने पाठव, विशेषतः शून्याच्या, आणि ज्या मुलांना ‘कशावरून’ विचारलेस त्यांच्या त्या दोन ओळी वेगळ्या पुडक्यात बांधून.

तुझी,
मावशी