भुई, तू गारच राहा

सायबेरियातल्या याकुतियाच्या गोठलेल्या भुईस,



आपली भेट नाही आणि होईल असंही दिसत नाही. मी काळ्या मातीतला माणूस. आमच्याकडे घर बांधायचं तर काळी उकरत जातात आणि मुरूम लागला की पाया भरायला घेतात. खणत गेलं की खाली घट्ट काहीतरी लागतं, यावर आमच्या गवंड्यांची सगळी भिस्त. तुझं उलटंच. वरपासून दगडासारखी घट्ट, पण माणसाची ऊब लागली की पायाखालून सरकणारी.

तुझ्या पोटात फार खोल उतरलेला एक माणूस खरं तर पाण्याच्या शोधात होता. फ्योदोर शेर्गिन, रशियन-अमेरिकन कंपनीचा याकुत्स्क शहरातला कारभारी. १८२८ साली त्याने विहीर खणायला घेतली. नऊ वर्षं खणली, ११६ मीटर खाली गेला, पाणी लागलं नाही. तळही गोठलेलाच. असल्या विहिरीवर आमच्याकडे गाव हसलं असतं. पण १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि तुझ्या शास्त्राचा पाया त्या कोरड्या विहिरीत घातला गेला. सलग किमान दोन वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणावं, अशी आजची व्याख्या आहे. हजारो वर्षं गोठून बसलेल्या तुला दोन वर्षांची अट! शास्त्राला कधीकधी विनोद कळत नाही.

उन्हाळ्यात तुझा वरचा मीटर-दीड मीटर थर तेवढा सुटतो. त्यातच सगळा संसार. याकुत्स्कला वर्षाचा पाऊस अडीचशे मिलिमीटरही नाही. आमच्या माणदेशात याहून जास्त पडतो. तरी तुझ्या अंगावर लार्चची जंगलं उभी आहेत, कारण पडलेलं पाणी गोठलेल्या थरावर अडतं, खाली मुरत नाही. आणि तीच झाडं, त्यांच्याखालचं शेवाळ आणि पालापाचोळा तुझ्यावर ऊन येऊ देत नाहीत. आमची गोधडी ऊब धरून ठेवायला असते, तुझी गोधडी गारवा धरून ठेवते.

तुझ्यावर राहणाऱ्या साखा लोकांनी हे ओळखलं होतं. दक्षिणेकडून घोडे आणि गुरं घेऊन आलेली ही माणसं तुझ्याशी झगडत बसली नाहीत. जिथे फार पूर्वी बर्फ वितळून तू खचलीस, तळं साचलं आणि मग आटून गवताळ खोलगट माळ झाला, त्या जागेला ते ‘अलास’ म्हणतात. काही अलास चोपण आहेत. पाण्याला बाहेर वाट नाही, ऊन पाणी ओढून घेतं आणि क्षार मागे ठेवतं. तरी गवत निघतं. उन्हाळ्यात ते कापायचं, गंजी रचायच्या, थंडी आली की गोठे शेणाने लिंपायचे. (हे वाचलं आणि तू मला एकदम शेजारची वाटलीस.) मांस, दूध ठेवायला तुझ्याच पोटात खणलेलं तळघर आणि हिवाळ्याच्या तोंडाशी तळ्यातून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या हेच पिण्याचं पाणी.

मग सोव्हिएत काळातल्या सामूहिक शेतीचे दिवस आले. जंगल तोडून नांगर घातला. तुझ्या पोटात बर्फाच्या पाचरी उभ्याआडव्या जाळीसारख्या बसलेल्या. गोधडी निघाली तशा त्या वितळल्या. पाचरींच्या जागी चर पडले, मधली माती उंचवटे होऊन उभी राहिली. तुझ्याच चुरापचा गावाकडे अशी शेतं पड पडली, तिथली विमानाची जुनी धावपट्टीही तशीच गेली. बातागायजवळ गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल तुटलं, तिथे आज जवळजवळ एक किलोमीटर लांबीची दरी आहे आणि ती अजून वाढते आहे.

याकुत्स्क शहर मात्र तुझ्याकडून एक गोष्ट शिकलं: घराला जोतंच द्यायचं नाही. खोल रोवलेल्या खांबांवर इमारत उचलायची, खालून वारा खेळू द्यायचा, पाण्याचे नळही जमिनीवरून न्यायचे. पण शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही. २०२० च्या मे महिन्यात तिकडे पश्चिमेला, नोरिल्स्क शहरात एका टाकीतून सुमारे २० हजार टन डिझेल वाहून गेलं. टाकीवाल्यांनी तुझं नाव पुढे केलं. चौकशीत मात्र टाकीच्या पायाच्या बांधणीतले दोष आणि देखभालीतली हयगय निघाली. अपराध सांगायला तू बरी सापडतेस.

हवा तापते आहे, त्यात तुझा काही दोष नाही. पण आता एक नवी भाषा ऐकू येते: उत्तर उबदार होईल, तिथे गव्हाची कोठारं भरतील. वितळलेली तू म्हणजे आमच्यासारखी वाफशावर आलेली जमीन, असा ही भाषा बोलणाऱ्यांचा समज दिसतो. २०१८ मध्ये साखा प्रजासत्ताकाने, म्हणजे याकुतियानेच, तुझ्या रक्षणाचा कायदा केला, ते बरं झालं. माझं मागणं त्याहून साधं आहे. तुझ्या काही भागांत निम्म्याहून जास्त बर्फच भरलेला आहे. ज्यांना तुझ्यावर नांगर घालायचा आहे त्यांनी सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिण्याआधी त्यात माती किती आणि बर्फ किती, हे लिहावं.

तुझा,
काळ्या मातीतला एक