पासबुक आणि मोबाईल

बेंगळूरला नोकरी करणारा माझा मुलगा दिवाळीला भालकीला आला आणि म्हणाला, "आई, ऑनलाइन बचत खातं उघड. रांग नको, खेप नको, काही बँका व्याजही जास्त देतात." खरेच आहे ते. २०११ पासून बचत खात्याचा व्याजदर बँकाच ठरवतात. ठेवींचा विमाही दोन्हीकडे सारखाच, २०२० पासून एका बँकेत ५ लाखांपर्यंत.

तरी मन अडखळले. सासरे गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत स्टेट बँक ऑफ हैदराबादचे पासबुक सापडले. ती बँक २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झालेली. पण त्या पासबुकामुळेच खात्याचा पत्ता लागला आणि सासूबाईंना पैसे मिळाले. मोबाईलमधले खाते घरच्यांना कसे सापडणार?

शेवटी मधला मार्ग काढला. महिन्याच्या खर्चापुरते ऑनलाइन खाते, वारसाचे नाव लावून; मोठी ठेव गावातल्या शाखेत. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन. दोन्ही खात्यांची नोंद एका वहीत केली.

सासूबाई विचारतात, "रोक्का एल्लि इट्टी?" मी ट्रंकेतल्या वहीकडे बोट दाखवते.