सुट्टीतली ट्रंक

मार्चअखेर परीक्षा संपल्या, की आमच्या बेळगावात घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलांनी सुट्टीत करायचे काय? पूर्वी उत्तर सोपे होते. आजोळ, विहीर, करवंदे आणि वळवाचा पाऊस. आता पोहण्याचे शिबिर, कराटे, संगणक, नाहीतर दहावीची शिकवणी. ह्यातले काही वाईट नाही. पण तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना आणखी एक भूक असते : घरात आपले कुणाला तरी खरोखर काम आहे, हे अनुभवण्याची. शिबिरात ती भागत नाही. तिथे सगळा सरावच असतो.

दोन वर्षांपूर्वी माझी नात नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली. त्याच सुमारास घरातल्या जुन्या कागदांची ट्रंक माळ्यावरून खाली आली होती. तिच्यात दोन प्रकारचे कागद होते. आजोबांच्या काळातले मोडीत, आणि अलीकडचे जमिनीचे उतारे कानडीत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर तो म्हैसूर राज्यात गेला. एकाच शेताची कहाणी दोन लिप्यांत वाटली गेली ती अशी. मला वडिलांनी थोडी मोडी शिकवली होती, पण कानडी बोलता येते तितके वाचता येत नाही. नात शाळेत कानडी शिकलेली.

"आज्जा, कानडी मी वाचतो की! खरं ते मोडी मला शिकवा," ती म्हणाली. सौदा ठरला.

रोज सकाळी तासभर बसायचे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरे टांगत जातात. हात फारसा उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याला सोपी आणि वाचणाऱ्याला अवघड अशी ही लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जाई. नातीने आधी घरातल्या सगळ्यांची नावे लिहिली, मग दुकानाची यादी. दस्तांचा मायना ठराविक असतो हे ध्यानात आल्यावर तिचा वेग वाढला. आधी शक आणि संवत्सर, मग घेणार, मग देणार, मग मौजे अमुक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्षाअखेरच्या महिन्यांत ७९), हे तिने वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवले.

मेच्या मध्यावर एक गहाणखत निघाले. शके १८३९, पिंगलनाम संवत्सर, म्हणजे १९१७ साल. आमच्या आजोबांनी शेत गहाण टाकले होते, हे सर्वांना ठाऊक होते. ते त्यांनी स्वतःच्या हिमतीवर सोडवले, असे आमच्या घरात सांगत आले. धाकट्या पातीचे म्हणणे निराळे होते, आणि त्यावरून दोन घरांत तीस वर्षे लग्नाच्या पत्रिकेपलीकडे काही उरले नव्हते.

कागदाच्या पाठीवर शके १८४४ ची भरपाईची नोंद होती. नातीने ती दोनदा वाचली, मग मला वाचायला दिली. रुपये वसूल पावले ते 'धाकटे बंधू यांजकडून'. तिने कानडी उतारा शेजारी ठेवला, सर्व्हे नंबर जुळवला, चाळीस गुंठ्यांचा एक एकर धरून क्षेत्र पडताळले. शेत तेच होते. उताऱ्यावर नावे फक्त आमची.

"आता?" तिने विचारले.

मी कागद थोरल्या बंधूंपुढे ठेवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरीनं वाचलंय ते खरं वाचलंय. ज्याचं त्याला कळवायला पाहिजे." नातीने बालबोधीत स्वच्छ नक्कल केली आणि स्वतः धाकट्या पातीच्या काकांकडे नेऊन दिली. ऐंशी पार केलेल्या त्या गृहस्थांनी तिच्याकडून ती दोन वेळा वाचून घेतली आणि जेवल्याशिवाय तिला सोडले नाही. शेताचे पुढे काय ते वकील पाहत आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका नोंदीने हक्काचा निकाल लागत नाही. पण गेल्या दिवाळीत फराळाचे डबे दोन्हीकडून गेले.

त्या सुट्टीत नात ना कुठल्या शिबिराला गेली, ना तिला प्रमाणपत्र मिळाले. दुपारी ती कॅरमही खेळली आणि आंबेही चोखले. पण जूनमध्ये शाळेत गेली ती मुलगी निराळी होती. मोठी माणसे आपल्या वाचनावर विसंबतात, हे तिला कळले होते. शाळेत तिसरी भाषा म्हणून रडतखडत शिकलेली कानडीही कामाची ठरली. आपल्या भागातल्या मुलांना दोन भाषांचे ओझे होते असे आपण म्हणतो. त्या ओझ्याने काय उचलता येते, तेही त्यांना दाखवावे.

ज्यांच्या घरी ट्रंक नाही, त्यांच्या घरी आजीची पाककृतींची वही असेल, देवळाचा जमाखर्च असेल, नाव न लिहिलेले फोटो असतील. मुलांच्या हाती ते सोपवताना एवढे पाळावे : फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, आधी मोबाईलवर फोटो काढून घ्यावा आणि हाताळायला नक्कलच द्यावी. आणि काही गैरसोयीचे निघाले, तर मुलांदेखत ते दडपू नये.

सुट्टी अजून सहा महिने दूर आहे. पण दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडलाच असेल, तर ट्रंक परत वर चढवू नका.