कुणी आवळला?

माणसाच्या डोक्यातला स्क्रू नको तेव्हा ढिला होतो आणि मोटारसायकलचा हवा तेव्हा होत नाही, हा सृष्टिनियम मला एका रविवारी सकाळी कळला.

अण्णांची १९८७ सालची शंभर सीसी मोटारसायकल तेल गाळू लागली होती. इंजिनाच्या झाकणाचे पॅकिंग बदलायचे, म्हणजे आठ स्क्रू काढायचे. सात निघाले. आठव्याने सत्याग्रह पुकारला. मी जोर केला, स्क्रू ड्रायव्हर घसरला आणि अधिक चिन्हाच्या खाचेची गुळगुळीत वाटी झाली.

चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा व्हरांड्यात बसले होते. "आधी रॉकेल सोड आणि थांब."

रॉकेल आता औषधालाही मिळत नाही आणि थांबणे आमच्या रक्तात नाही.

"अरे, मग आधी किंचित आवळ तरी!"

काढायचा स्क्रू आवळायला सांगतात, म्हणजे अण्णांचे वय झाले, असे मी मनात म्हटले.

शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला आणले. माझे हत्यार पाहून त्याने कपाळाला हात लावला. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली पेटंट मिळवलेली खाच वेगळी आणि ही जपानी वेगळी. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात नीट बसत नाही. त्यातून स्क्रू पोलादी, झाकण अॅल्युमिनियमचे. ओल लागली की दोघे एकमेकांना असे धरून बसतात की घटस्फोटाची सोयच नाही.

मिस्त्रीने गंज सोडवायचे तेल मारले, चहा मागवला आणि चक्क थांबला. मग छिन्नीने स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडली, हातोडीने दोन ठोके दिले, किंचित आवळला आणि उलटा फिरवला. 'कट्ट!' सुटला. अण्णा माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचे न पाहणे फार बोलके असते.

"काय हो, कुणी आवळला होता हा? बैल जुंपला होता की काय?" मिस्त्रीने घाम पुसत विचारले.

हल्ली अण्णांना लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही. ते कळू नये म्हणून 'लोणचे बाधते' म्हणतात. तेच अण्णा खुर्चीत ताठ झाले.

"मी!"

दुपारी जेवताना मी बरणीचे झाकण गुपचूप सैल केले आणि ती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती एका हिसक्यात उघडली आणि माझ्याकडे पाहिले.

"इतके सैल कुणी लावले?"