अपुऱ्या दिवसांची

आमच्या घरात माझ्या प्रत्येक दुखण्याचं कारण माझ्या जन्मातच सापडायचं. सर्दी झाली, चष्मा लागला, शिवणात टाके वाकडे पडले, तरी आजी म्हणायची, "अपुऱ्या दिवसांची पोर!" पाळी सुरू झाली त्या सुमारास डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली, उजेड सोसेना, उलट्या व्हायला लागल्या, तेव्हाही तेच. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायची, हा उपाय मात्र मला मनापासून मान्य होता.

अर्धशिशी आईलाही होती. कपाळाला पदर आवळून ती अंधाऱ्या खोलीत पडायची आणि उठली की भाकऱ्या थापायला बसायची. ती पूर्ण दिवसांची, त्यामुळे तिच्या दुखण्याचं कारण कुणी शोधलंच नाही.

नोकरीसाठी बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डला आले, तर इथे वेगळंच कारण तयार होतं. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीची वसाहत म्हणून वसलेलं हे गाव आता काचेच्या इमारतींचं आहे. ऑफिसात कुणाचं डोकं धरलं की स्क्रीन, एसी, ट्रॅफिक. संध्याकाळी होप फार्मच्या चौकात अडकलं की पटतंही. पण निम्हान्स या इथल्या मेंदूविकारांच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी बेंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात साधारण चौघांतल्या एकाला मायग्रेन, म्हणजे अर्धशिशीचा त्रास होतो. बायकांना पुरुषांहून बराच जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. तिथे कुठल्या आल्या काचेच्या इमारती!

इथल्या न्यूरॉलॉजिस्टबाईंनी सगळी माहिती घेताना जन्माचंही विचारलं. मी आईला फोन लावला.

"आठवा लागला होता," ती म्हणाली. "आजी सगळ्यांना सातवा सांगायची."

सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, ही जुनी समजूत. खरं तर पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरी पडतो. म्हणजे मला वाचवायला आजीने माझे चार आठवडे कापले होते!

मग आई स्वतःहूनच बोलायला लागली. त्या दिवसांत ती विहिरीचं पाणी ओढत होती. त्यानेच झालं, असं तिने इतकी वर्षं धरून ठेवलेलं. आजीचं ते वाक्य मला उद्देशून आहे, असं मी समजत होते. ते लागत होतं आईला.

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं: ३७ आठवड्यांच्या आधीचं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. शेवटच्या महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो, त्याला घड्या पडतात. त्याच काळात पेटीतल्या बाळाला सुया टोचल्या जातात. त्यामुळे पुढच्या डोकेदुखीशी संबंध जोडायला तर्काची जागा आहे. पण हजारोंच्या नोंदींतून कळते ती गटाची जोखीम. माझ्या एका डोक्यात आईकडून आलेलं किती आणि हुकलेले आठवडे किती, हे वेगळं काढता येत नाही. औषध दोन्हींना तेच, म्हणून त्यांनी मला ट्रिप्टानची नवी गोळी लिहून दिली. आणि साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा महिन्यात पंधरा दिवस घेत राहिलं, तर त्यांचीच डोकेदुखी जडू शकते.

हे सगळं मी आईला सांगितलं. विहिरीबद्दल ती काही बोलली नाही.

"ती नवी गोळी मला चालेल का?" तिने विचारलं.

ट्रिप्टानने रक्तवाहिन्या आकसतात आणि आईला बीपी आहे. म्हटलं, आधी दाखवून घे. तिने शुक्रवारची वेळ घेतली आहे.