शोभेची दारू, घरपोच

फटाक्यांना सरकारी मराठीत 'शोभेची दारू' म्हणतात. हा शब्द वाचला की मला हसू येते, कारण आमचे मामा सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नाहीत आणि दर दिवाळीला हीच दारू विकायचा परवाना मागायला कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. पण शब्द आहे मोठा नेमका. जोवर शोभा आहे तोवर शोभा. ती सुटली की मागे नुसती दारू उरते.

मामांची खरी ओळख केळीवाला शेतकरी. करपा, वादळ आणि भाव या तीन ग्रहांखाली त्यांचे वर्ष जाते. दिवाळीच्या तोंडावर मात्र फैजपुरात पत्र्याचे दुकान उभे राहते. त्या दुकानाचे नियम मला तोंडपाठ आहेत, कारण अर्जाचे कागद मीच लिहून देतो. २००८ च्या स्फोटक नियमांप्रमाणे दुकान न पेटणाऱ्या साहित्याचे हवे, दोन दुकानांत तीन मीटर अंतर हवे, वस्ती-शाळांसारख्या ठिकाणांपासून ते पन्नास मीटर दूर हवे, दुकानांची तोंडे समोरासमोर नकोत आणि उघडा दिवा तर नकोच. दिवाळीचे दुकान आणि त्यात पणती लावायची नाही! मामा दुकानातली लक्ष्मी विजेच्या माळेवर भागवतात.

मामेभाऊ जळगावला शिकतो. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास त्याचा फोन आला. मोबाइलवर मालाची यादी फिरवायची, पैसे आधी घ्यायचे, माल परस्पर पार्सलने गिऱ्हाइकाच्या घरी. नुसते फटाकेच नव्हेत. घरी भुईनळे भरणाऱ्यांसाठी वात, पुठ्ठ्याच्या नळ्या, निरनिराळ्या पुडी, सगळे साहित्य. "दुकान नको, परवाना नको. तू फक्त पाच हजार टाक आणि हिशेब ठेव." माझी शिष्यवृत्ती नुकतीच जमा झाली आहे, हे त्याला बरोबर ठाऊक होते. पाचाचे दिवाळीपर्यंत नऊ होतील, असा त्याचा हिशेब होता. मित्रहो, खोलीचे भाडे थकलेल्या विद्यार्थ्याला नऊ हा आकडा काय दिसतो, ते मी सांगायला नको.

मी त्याला न्यायालयाचे सांगितले. २०१५ साली दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. 'अर्जुन गोपाल' खटला तो हाच. त्यात २३ ऑक्टोबर २०१८ रोजी जो निकाल झाला, त्याने फटाके विकायचे ते परवानाधारक व्यापाऱ्यानेच, असे ठरले आणि ऑनलाइन मागणी घेण्यास साफ बंदी झाली. हिरवा रंग देणारे बेरियमचे क्षार बंद, लांबलचक माळा बंद. पुडींचे तर त्याहून जुने आहे. क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणाची स्फोटके बनवणे व जवळ बाळगणे १९९२ पासूनच निषिद्ध आहे. गंधक कृषी केंद्रात मिळते, चंदेरी पूड रंगाच्या दुकानात. एकेकटी ती सगळी सज्जन असतात.

भाऊ गप्प बसणारा नव्हे. म्हणाला, "तोच सुतळी बॉम्ब बाबांनी दुकानातून विकला तर धंदा आणि मी फोनवर विकला तर गुन्हा? धूर वेगळा निघतो का?" प्रश्न खोटा नव्हता. परवान्यासाठी मामांना किती खेपा पडतात, कुठल्या टेबलावर कागद किती दिवस निजतो, हे मी पाहिले आहे. नियम पाळणाऱ्याच्या वाट्याला खेपा आणि न पाळणाऱ्याच्या वाट्याला नफा, हा न्याय मलाही पटत नाही.

मी अडकलो तो दुसऱ्याच ठिकाणी. मी विचारले, "खोक्यावर काय लिहिशील?" तो म्हणाला, "खेळणी. नाहीतर पूजेचे साहित्य."

आपल्यापासून भुसावळ जंक्शन किती जवळ! तिथे हमाल खोकी उचलतो, फेकतो, त्यावर बसून विडीही ओढतो. रेल्वेतून धोकादायक माल नेणाऱ्याला १९८९ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. पण कायदा पकडेल तेव्हा पकडेल. 'खेळणी' वाचून निर्धास्तपणे विडी पेटवणाऱ्या त्या माणसाला आपण काय विकले? त्याने तर मागणीही केलेली नाही. दुकानात घेणारा आणि देणारा दोघेही जाणून असतात. पार्सलात मधली सगळी माणसे आंधळी करावी लागतात. त्याशिवाय तो धंदा चालतच नाही.

भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसले की खंडव्यापुढे हरदा लागते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथला फटाक्यांचा कारखाना उडाला, दहाच्या वर माणसे गेली, आजूबाजूची घरे कोसळली. त्याच्या दोनच महिने आधी, ८ डिसेंबर २०२३ ला, पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या उडत्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या बायका आगीत सापडल्या. केक कापताना आपण टाळ्या वाजवतो, ती मेणबत्ती. आणि २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे कितीतरी मुलांचे डोळे कार्बाइडच्या बंदुकीने भाजले. मोबाइलवर चित्रफिती पाहून ती घेतलेली किंवा घरीच बनवलेली होती. कार्बाइड आम्हा केळी-आंब्याच्या मुलखाला अनोळखी नाही. फळे पिकवायला त्याला बंदी असूनही नाही. त्या बंदुका विकणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती मुले पाहिली असतील?

हे मी भावाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तू फार पुस्तके वाचतोस." मी पाच हजार दिले नाहीत. त्यातून खोलीचे भाडे भरले. त्याला दुसरा भागीदार मिळाला की नाही ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मामांना सद्गुणांचा पुतळा करण्याचा माझा इरादा नाही. हा माल शिवकाशीत कोणाच्या हातून तयार होतो, याचा विचार त्यांनी कधी केला असेल असे वाटत नाही. रात्री दहानंतर गावात बार वाजतात, त्यांत त्यांचाही माल असतो. त्यांचे शास्त्र एका वाक्याचे आहे: "कारे भो, माल कोनाले देऊन राह्यलो, हे मले दिसाले पाह्यजे."

गेल्या दिवाळीला भाऊ सुट्टीत आला आणि मुकाट्याने गल्ल्यावर बसला. संध्याकाळी दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा मुठीत चुरगाळलेल्या नोटा घेऊन आला आणि सुतळी बॉम्बची दोन पाकिटे मागू लागला. मामांनी त्याला नीट न्याहाळले, कोणाचा रे तू म्हणून विचारले आणि बापाला घेऊन ये म्हणून परत धाडले. तो पुन्हा आला नाही. बहुधा पुढच्या दुकानात गेला असावा.

"गेले दीडशे रुपये," भाऊ म्हणाला.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी वाळूची बादली पायाने जरा आत सरकवली आणि समोरच्या बाईंना विचारले, "काय देऊ, ताई?"